वीतभर अंतर

४ जुलै

भिंगरी,

तुझं पत्र परवा आलं. पोस्टमननं दार ठोठावलं ते मला ऐकू आलं नाही. समोरच्या शिंपीणबाईंनी मशीन थांबवून ऐकलं, पत्र घेतलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. फोन का घेत नाही म्हणून तू रागावतेस, पण फोनवर माझं नुसतं 'काय? काय?' चालतं आणि तुझा घसा सुकतो. त्यापेक्षा पत्र बरं. हवं तितक्या वेळा वाचावं, कोणी मध्ये बोलत नाही.

तुमच्या ऑफिसात औषधांची नि यंत्रांची पत्रकं इंग्रजीतून आपल्या भाषेत आणतात, तिथं मोठमोठ्या पदव्यांची माणसं बसलेली, आणि जवळपणाच्या पाच शब्दांतला फरक तू विचारतेस कुणाला, तर खोक्यांवरची लेबलं वाचून इंग्रजी शिकलेल्या मामाला. ती पदवीवाली काय माशा मारतात? असो. विचारलंस म्हणून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, दोन दिवस तेवढ्यावर काढले.

निअर म्हणजे जवळ, पण मोघम. बसस्टॉप घराजवळ आहे असं आपण म्हणतो, मग मध्ये दहा दुकानं का असेनात. पायी जाता आलं की झालं निअर.

क्लोजमध्ये ऊब आली. माणूस इतका जवळ की त्याला ताप असला तर आपल्याला कळावा. म्हणून तो मनालाही लावतात. पत्रकात मात्र जपून घाल. 'डोळ्यांच्या क्लोज धरू नये' याचा अर्थ पार नाकाशी आणू नये, एवढाच.

बिसाइड म्हणजे बाजूला. एका बाकावर दोघं बसलेत, बाजूला बाजू. भांडलेले असले तरी बिसाइडच.

अगेन्स्ट म्हणजे टेकून. भिंतीला शिडी. यात भार आहे. भिंत काढली तर शिडी पडणार.

पाचवा राहिला, अ‍ॅडजेसंट. कागद संपत आला आणि चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलीय, ती सारखी निसटते. पुढच्या पत्रात बघू.

तुला लहानपणी मी हे सगळं निळ्या काठाचे दोन कप टेबलावर मांडून शिकवायचो, आठवतं? तुझ्या आधी तुझ्या आईला त्याच कपांवर शिकवलं. कप आता माझ्याकडे नाहीत.

आईचा खोकला कसा आहे? डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर लिही, हातचं राखू नकोस. मी विचारलं हे तिला सांगू नको. एकोणीस वर्षं तिनं माझं नाव काढलेलं नाही, आता आजारपणात कशाला तिच्या तोंडाला कडू चव आणायची.

तुझा मामा


१९ जुलै

भिंगरी,

म्हणजे पाचवा शब्द तू मुद्दाम विचारला होतास. मला शंका होतीच. लहानपणीसुद्धा काही लपवायचं असलं की तू ते पाठीमागे धरून यायचीस, आणि दोन्ही कोपरं बाहेर दिसायची.

तुझ्या ऑफिसच्या कपाटात पावडरच्या कंपनीचं जुनं पत्रक सापडलं, तेच, ज्याच्यावरून मी गोदामातली पाटी केली होती. ते तू तुमच्या मोठ्या बाईंना दाखवलंस. त्या म्हणाल्या, शब्द निसरडा आहे, सातवी शिकलेल्या माणसानं त्याचा अर्थ 'टेकून' असा घेतला तर दोष लिहिणाऱ्याचा. आणि आता हे तू आईला सांगणार. 'मामाची चूक प्रामाणिक होती, एवढी वर्षं उगाच अबोला धरलास, आता तरी त्याला बोलाव.' असंच लिहिलंयस ना?

तुझा जीव मोठा आहे, पण घाई करू नकोस. तू तेव्हा आठ वर्षांची होतीस, तुला सगळं ठाऊक नाही. म्हणून थोडं सांगतो.

आमचा कारखाना कापड पांढरं करण्याचा. गोदाम एकच, लांबट. एका भिंतीला ब्लीचिंग पावडरीचे पत्र्याचे ड्रम आणि जागा पुरत नाही म्हणून त्यांच्याच रांगेत पुढे ॲसिडचे निळे कॅन. मी स्टोअरकीपर, तुझे बाबा माझ्या हाताखाली हमाल. बहिणीचा नवरा म्हणून मी त्यांना पाहुणे म्हणायचो, तेही कामावर, त्यामुळे अख्खं गोदाम त्यांना पाहुणे म्हणायला लागलं. बारा वर्षं पाठीवर पोती वाहिलेला माणूस, आणि पाहुणा. ते स्वतःच म्हणायचे, 'एवढे दिवस राहिलेला पाहुणा बघितलाय का कुठं?'

पाटी पिवळी होती, त्यावर काळी अक्षरं. 'पावडरीचे ड्रम ॲसिडच्या कॅनला टेकवून ठेवू नयेत.' वाक्य माझं, रंगाऱ्यानं फक्त गिरवलं. तुझ्या बाबांना वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. त्या दिवसापासून सकाळी आल्या आल्या त्यांचं पहिलं काम ठरलेलं. शेवटचा ड्रम आणि पहिला कॅन यांच्यामधल्या फटीत हात घालायचा. अंगठा ड्रमला, करंगळी कॅनला. 'दादा, वीतभर आहे.' मग मी वहीत खूण करायची. पाटीत वीत कुठंच नव्हती. ती त्यांनी पदरची घातली. म्हणाले, टेकू नये म्हणतात ना, मग वीतभर असलेली बरी, कुणाचा धक्का लागला तरी टेकायचं नाही.

एका दुपारी एका कॅनचं बूड तडकलं. पुढचं तुला माहीत आहे. ॲसिड पावडरीपर्यंत पोचलं, वायू झाला, आणि त्यात तुझे बाबा गेले. चौकशी झाली. कागदावर आलं की कर्मचाऱ्याच्या भाषेच्या अपुऱ्या समजामुळे पाटी चुकली. मला गोदामातून काढून गेटवर बसवलं, तिथूनच निवृत्त झालो.

एवढंच आहे. आईला इतक्यात काही दाखवू नकोस. तिला धाप लागते, त्यात जुनं उकरून काय हाती लागणार? शब्द निसरडा होता असं तुमच्या मोठ्या बाई म्हणतात, तर असेल. त्या शिकलेल्या आहेत.

चष्मा दुरुस्त झाला. शिंपीणबाईंनी काडी सुईनं शिवली म्हण ना.

तुझा मामा


२ ऑगस्ट

भिंगरी,

डॉक्टरांनी एक महिनाही धरलेला नाही हे वाचलं. पुन्हा वाचलं. मग पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं आणि घर झाडलं. सकाळी एकदा झाडलेलं होतं.

तू म्हणतेस, आता थांबायला वेळ नाही. या रविवारी मोठे डॉक्टर तपासून गेले, आई जरा निवांत झाली, की तिच्या उशाशी बसून पत्रकातलं सगळं सांगणार. तिनं मनात अढी ठेवून जाऊ नये असं तुला वाटतं. बरोबर आहे. लेकीला असंच वाटणार.

कपांचं विचारलंस. बाबा गेल्यानंतर महिनाभरानं आई तुला घेऊन माझ्या घरी आली होती, पिशवीत कागदात गुंडाळलेले दोन कप होते, तू दारात बसून चपलेचा पट्टा लावत होतीस, तो लागायच्या आत ती बाहेर आली आणि कप तिच्या हातात तसेच. तुला एवढं स्पष्ट आठवतं म्हणजे कमाल आहे.

त्यात काही नाही गं. कप माझ्या घरातले, परत द्यायला आली होती. मग मन बदललं असेल. दुःखात माणसाच्या हाताला काम हवं असतं, इकडचं तिकडे करतो.

रविवारी सांगणार तर सांग. मी कोण अडवणारा.

तुझा मामा


५ ऑगस्ट

भिंगरी,

तीन दिवसांत हे दुसरं पत्र, तेही जलद टपालानं, रविवारच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून. आधीच्या पत्रात कपांबद्दल लिहिलं ते खोटं आहे. हे पूर्ण वाच आणि मगच आईच्या खोलीत जा.

मला तो शब्द येत होता.

निसरडा वगैरे काही नव्हता. अ‍ॅडजेसंट म्हणजे शेजारी. एकाच्या बाजूला दुसरा, मध्ये तिसरं काही नाही. टेकलेला असो नसो. पत्रक सांगत होतं की पावडर ॲसिडच्या शेजारीच ठेवू नका, म्हणजे एका रांगेत नको, खरं तर एका छपराखालीच नको. खाली बारीक अक्षरात कारणही दिलं होतं. तेही मी वाचलं होतं.

मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं, तो दिवस सांगतो. तपासणीवाले येणार होते, त्यांना पाटी हवी होती. गोदामात मला सगळे डिक्शनरी म्हणायचे, थट्टेनं. मॅनेजरही तेच म्हणाला, पण त्या दिवशी थट्टा नव्हती. खुर्ची दिली, चहा मागवला. मी त्या केबिनमध्ये त्याआधी कधी बसलो नव्हतो, उभाच राहायचो.

'डिक्शनरी, ह्या ओळीचा अर्थ काय?'

'शेजारी ठेवू नये, साहेब.'

'शेजारी? मग दुसरी शेड बांधावी लागेल. वरचे लोक मला जिवंत ठेवणार नाहीत.' मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाला, 'बघ ना जरा. तुला एवढे शब्द येतात. दुसरा एखादा बसतो का?'

त्यानं मला दमदाटी केली नाही. पगार वाढवतो म्हणाला नाही. मला वाटतं, त्यानं काही कबूल केलं असतं तर मी विचारात पडलो असतो. त्यानं फक्त मला शब्द मागितला. पदवीवाला माणूस, भिंतीवर चौकटीत सर्टिफिकेट, आणि तो सातवी पास माणसाला विचारतोय की दुसरा बसतो का. माझी छाती अशी फुगली की काय सांगू. चहा संपायच्या आत मी शब्द काढून दिला. 'टेकवून.' तो म्हणाला, 'वा.'

त्या 'वा'वर मी तुझे बाबा घालवले.

आणखी एक सांगतो, म्हणजे सगळं झालं. गोदामाच्या फरशीला उतार होता, पावडरीच्या बाजूला. पावसात छप्पर गळलं की पाणी तिकडे जाऊन ड्रमांच्या बुडाशी साचायचं, त्यानं पत्रा गंजून चाळण झाली होती. हे मी रोज बघत होतो. वीतभर काय, चार हात फट ठेवली असती तरी कॅनमधून सांडलेलं तिकडेच जाणार होतं. रोज सकाळी तुझे बाबा फटीत हात घालायचे, 'वीतभर आहे, दादा' म्हणायचे, आणि मी वहीत खूण करायचो. ही खूण मी कशाची करत होतो?

त्या दिवशी दुपारचे डबे नुकतेच संपले होते. मी खिडकीपाशी पावत्या लावत होतो. तो वास आला. पहिल्या श्वासाला मला कळलं कशाचा आहे, कारण बारीक अक्षरातलं मी वाचलेलं होतं. बाकी कुणी वाचलेलं नव्हतं. मी पळालो, भिंगरी. सगळ्यांत पहिला मी दाराबाहेर होतो. बाहेरून ओरडलो, 'पाहुणे, बाहेर या, बाहेर या आधी.' आतल्या दोघा-तिघांनी वास घेतला आणि तेही खोकत आले. तुझे बाबा ड्रमांच्या रांगेच्या टोकाला होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग खाली वाकले, मला दिसलं, फटीत हात घातला. आणि तिथून मला सांगितलं, अगदी रोजच्या आवाजात:

'टेकलेलं नाही, दादा. वीतभर आहे.'

मग ते काही बोलले नाहीत.

चौकशीला तीन जण होते. एकानं ओळ वाचली आणि विचारलं, 'ह्या शब्दाचा अर्थ तुम्हाला काय वाटला?' मी म्हणालो, 'टेकून असणं, साहेब.' त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शिक्षण विचारलं. सातवी म्हटल्यावर एकाचा चेहरा मऊ झाला. मला पाणी दिलं. ज्या शब्दांच्या जोरावर मी आयुष्यभर मान वर करून चाललो ते मला येत नाहीत, हे मी तीन माणसांसमोर सांगितलं, आणि त्यांनी माझी कीव केली. त्या किवेत मी शिरलो आणि आजवर तिथंच बसलोय. मॅनेजर सुटला, मी सुटलो. तूही मोठी झाल्यावर माझी कीवच केलीस. 'मामा, शब्दाची चूक होती, तुमची नाही,' हे तू पंधराव्या वर्षी पहिल्यांदा लिहिलंस आणि मी ते पत्र जपून ठेवलं. मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं.

आता कप.

तुझी आई सतरा वर्षांची असताना मी तिला हे शब्द शिकवले. दोन कप एकमेकांना लावले आणि म्हटलं, हे टेकलेले. मग बोटांनी वेगळे केले, वीतभर, आणि म्हटलं, हे अ‍ॅडजेसंट. टेकलेले नाहीत, पण मध्ये दुसरं काही नाही. शेजारी. ती म्हणाली, 'म्हणजे तू आणि मी.' आई-वडील गेल्यावर आम्ही दोघंच होतो त्या घरात.

म्हणजे तिला माहीत होतं की मला माहीत आहे. साऱ्या जगात तिला एकटीलाच.

त्या दिवशी ती आली, माझ्या टेबलावरचा पसारा हातानं बाजूला लोटला, कागद सोडून कप मांडले. मध्ये वीत ठेवली, स्वतःच्या हातानं मोजून, जशी तिचा नवरा मोजायचा. मग म्हणाली, 'दादा, याला काय म्हणतात?'

मी तिनं लोटलेला पसारा आवरायला लागलो.

'चौकशीत काय सांगितलंस ते मला नको. मला सांग. याला काय म्हणायला शिकवलंस?'

मी कपांकडे बघत राहिलो. म्हटलं, 'मला नाही आठवत.'

'बरं,' ती म्हणाली. कप उचलले आणि निघाली. तुझा पट्टा लागायचा होता अजून.

तिनं ठरवलं असतं तर चौकशीत बोलू शकली असती. बोलली नाही. तुझ्यापाशीही बोलली नाही, मला तुझी पत्रं येतात हे ठाऊक असून. हे सांगायचं काम तिनं माझ्यावर सोडलं होतं, आणि मी एकोणीस वर्षं सांगितलं नाही. रविवारी तू तिच्या उशाशी बसून 'आई, तू चुकलीस' म्हणणार होतीस, आणि मी लिहून बसलो की सांगणार तर सांग. हे पत्र मी तीन दिवसांपूर्वीच लिहायला हवं होतं. त्या पत्राऐवजी.

ती चुकलेली नाही. तिला तेवढं सांग. माझ्यासाठी काही मागू नकोस.

तू यापुढे मला लिहिणार नाहीस हे धरूनच लिहिलंय. माझ्याकडे तुझ्याशिवाय कुणी नाही हे तुला ठाऊक आहे. म्हणूनच इतकी वर्षं लागली. हे कारण म्हणून सांगत नाही.

मामा


३० ऑगस्ट

भिंगरी,

उत्तर नाही, आणि ते यावं म्हणून हे लिहीत नाही. पत्र पोचल्याची पोस्टाची पावती आली, ती पुरे.

दोन गोष्टी कळवायच्या होत्या. कारखाना कधीच बंद पडला, मॅनेजरही वारला, मग सांगायचं कुणाला? म्हणून मी कारखान्यांची तपासणी करणाऱ्या कचेरीत गेलो. जबानी लिहून नेली होती, तीन पानं. तिथं एक तरुण कारकून. मी मोठ्यानं बोलायला सांगितलं, तर बिचारा सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा बोलायला लागला.

'आजोबा, एवढ्या जुन्या फाइली ठेवत नाहीत. नष्ट झाल्या.'

'मग हे नव्यानं लावून घ्या.'

'कुठं लावू? तुमच्यावर काही ठपका आहे का?'

'नाही ना. तेच तर सांगायला आलोय.'

त्यानं पानं चाळली, पहिलं पान नीट वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. आवाज खाली आला, त्यामुळे मला ओठांवरून ओळखावं लागलं. 'घरी कोणी आहे का तुमच्या?'

मी म्हटलं, शिक्का मारून पोच द्या. त्यानं दिली. वर नंबर टाकला, पण रजिस्टरात त्या नंबरापुढे 'किरकोळ' असं लिहिलं. उलटं असलं तरी मला वाचता येतं. तेवढं इंग्रजीइतकंच पक्कं आहे.

दुसरी गोष्ट. शिंपीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवून ऐकलं. त्या रोज संध्याकाळी मला चहा आणून द्यायच्या. आता कप उंबऱ्यावर ठेवून जातात. चहा अजून येतो.

आईला धाप किती लागते, एवढंच कुणाकडून तरी कळवलंस तर.

मामा


२१ सप्टेंबर

भिंगरी,

घरी पोचलो. तू विचारलं नव्हतंस, तरी कळवतो.

रात्रीच्या गाडीवाल्याच्या हाती तू पाठवलेल्या चिठ्ठीत चार ओळी होत्या, त्या मला पाठ झाल्यात. 'पत्र आईला वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचायला लावलं. म्हणाली, आता ठीक. बोलावू का विचारलं तर नको म्हणाली.' आणि खाली, वेगळ्या शाईत, बहुतेक नंतर लिहिलेलं: 'आज दुपारी गेली. उद्या अकराला नेणार.'

ती 'नको' म्हणाली याचं मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खरंच आहे, पण तुला ते पुसायचं काम नाही. 'आता ठीक' म्हणाली ना. तेवढंच तिला हवं होतं, आणि ते मला त्या टेबलाशी एका शब्दात देता आलं असतं.

मी पहाटेच्या गाडीनं निघालो. तुमच्या गल्लीत पोचलो तेव्हा दारात माणसं होती. तिनं नको म्हटलेलं, म्हणून उंबरा ओलांडला नाही. रस्त्यापलीकडे ते सायकलदुरुस्तीचं दुकान आहे, बंद होतं, त्याच्या भिंतीपाशी उभा राहिलो. तिथून तिला नेताना दिसली. चेहरा नाही, चादर दिसली. एवढीशी वाटली. लहानपणीही ती अंगानं किरकोळ होती, तिच्या वाट्याची पाण्याची घागर मीच उचलायचो.

तुम्ही सगळे गेलात. मी तिथंच राहिलो, कारण कुठं जायचं ते कळेना. तुम्ही परत आलात, माणसं पांगली, दार लोटलं गेलं. मग तू बाहेर आलीस. तू मला आधीपासून पाहिलं होतंस हे मला तेव्हा कळलं, कारण इकडे-तिकडे न बघता सरळ रस्ता ओलांडलास.

मला वाटलं, जा म्हणशील. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. आलीस आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिलीस, मी उभा होतो तशी, समोर तुमच्या दाराकडे बघत.

मग म्हणालीस, 'गाडी कितीची?'

'पाचची.'

'जेवलायत का?'

'भूक नाही.'

'कप आईच्या ट्रंकेत होते,' तू म्हणालीस. मला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानातला वाणी वळून बघायला लागला. 'कधी वापरले नाहीत. कधी टाकलेही नाहीत.'

मी ते मागितले नाहीत. तू देते म्हणाली नाहीस. ते बरोबर आहे, ते तिचे होते.

साडेतीनपर्यंत आपण तिथं उभे होतो. ऊन आपल्या पायांवरून भिंतीवर चढलं. आपल्या दोघांच्या मध्ये फट होती. ती तू कमी केली नाहीस आणि वाढवलीही नाहीस. किती होती ते मी हात घालून मोजलं नाही. आता ह्या हातानं मी काही मोजत नाही.

तुझ्या जुलैच्या पत्रात पाच शब्द होते. चार मी भरून दिले आणि पाचवा चष्म्यावर ढकलला. ऑफिसातल्या तुझ्या यादीत ती जागा अजून रिकामी असेल तर भर. अ‍ॅडजेसंट: शेजारी. टेकलेलं नसलं तरी. आणि त्याच्यापुढे, जागा असेल तर, बारीक अक्षरात नको, मोठ्या अक्षरात घाल, की एवढ्या अंतरावर एकाचं सांडलेलं दुसऱ्यापर्यंत पोचतं.

मामा